मार्क ट्वेन आणि मिसिसिपीवरची पायलटांची युनियन

२२ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या मंडे इव्हिनिंग क्लबात लेखक मार्क ट्वेनने ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेच्या बाजूने निबंध वाचला. हा पुळका अचानक आलेला नव्हता. युनियन कशी उभी राहते, हे त्याने पंचवीस वर्षांआधी मिसिसिपी नदीवर पाहिले होते. १८५९च्या एप्रिलमध्ये त्याला स्टीमबोटीच्या पायलटचा, म्हणजे नदीतून बोट हाकणाऱ्याचा, परवाना मिळाला. पुढचे आकडे त्याच्याच आठवणींतले आहेत, थोडे रंगवलेले असतीलही.

पायलटचा पगार महिना २५० डॉलर होता, तो १०० वर घसरला. दोष पायलटांचाच. जो तो हाताखाली शिकाऊ उमेदवार ठेवी. उमेदवार चाक धरी, गुरू बाकावर आराम करी, वर शिकवणीचे पैसे (ट्वेनने ५०० डॉलर कबूल केले होते). दोन पायलटांनी सह्या केल्या की उमेदवाराला नवा परवाना. असे पायलट फार झाले.

मग डझनभर पायलटांनी संघटना काढून २५० डॉलर जाहीर केले आणि लगेच नोकऱ्या गमावल्या. प्रवेश फी १२ डॉलर, बेकार सभासदाला महिना २५ डॉलर, विधवेलाही तेवढेच. साहजिकच आधी म्हातारे आणि बेकार जमले, कप्तान हसले.

धंद्याला तेजी आल्यावर पायलट कमी पडू लागले. पण सभासद बिगर सभासदाबरोबर एका बोटीवर काम करीना. खरी मेख मात्र वेगळीच होती. नदीचा प्रवाह सतत सरकतो, वाळूचे पट्टे जागा बदलतात. महिन्यापूर्वीची माहिती बोट बुडवू शकते. संघटनेने मोठ्या थांब्यांवरच्या तरंगत्या धक्क्यांवर कुलूपबंद पेट्या ठेवल्या. किल्ली फक्त सभासदाकडे. कुठे किती पाणी, कुठून वळायचे, हे छापील कोऱ्या फॉर्मवर लिहून पायलट पेटीत टाकी, आधीच्यांचे कागद वाचून पुढे निघे. बाहेरच्यांच्या बोटी रुतू लागल्या, फुटू लागल्या. शेवटी विमा कंपन्यांनीच फर्मावले: पायलट संघटनेचाच हवा.

त्यानंतर उशिरा येणाऱ्यांकडून मागची वर्गणीही वसूल झाली, नवे उमेदवार घेणे बंद झाले आणि पगार ५०० डॉलरवर गेला.

पण रेल्वेने प्रवासी पळवले, यादवी युद्धाने वाहतूक थांबवली, संघटनेचा सेंट लुईसचा खजिनदार सगळी रक्कम घेऊन पसार झाला. नंतर तर डझनभर बोटींचा माल एकच छोटा टग (ओढबोट) न्यू ऑर्लिन्सला ओढून नेऊ लागला.