सोनोग्राफीतला ‘ग्रेड वन’ आणि यकृतावरचे व्रण

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन निघालेला मधुमेही हमखास म्हणतो, ‘फॅटी लिव्हर आहे, पण ग्रेड वनच. अन् आपण कुठं दारू पितो!’ दोन्ही दिलासे खोटे. तो ग्रेड चरबीचा असतो, व्रणांचा, म्हणजे यकृतात जखमेच्या खुणेसारख्या तयार होणाऱ्या कडक ऊतींचा नाही. साधी सोनोग्राफी सिरॉसिस (व्रणांनी यकृत भरून जाण्याची अवस्था) पुढे गेल्यावर यकृताची खडबडीत कड दाखवते. त्याआधीचे व्रण तिला बहुधा दिसतच नाहीत. उलट व्रण फार वाढले की चरबी कमी होऊ शकते, म्हणजे ग्रेड उतरल्याचा आनंदही कधीकधी फसवा.

दारूला न शिवणाऱ्यालाही टाइप २ मधुमेहात फॅटी लिव्हर आणि असे व्रण होऊ शकतात, रक्ततपासणीतलं एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम नॉर्मल असलं तरी.

व्रणांचा अंदाज यकृताच्या कडकपणावरून येतो. ते काम इलास्टोग्राफीचं, म्हणजे फायब्रोस्कॅनसारख्या तपासणीचं: ३ तास उपाशी राहायचं, बरगड्यांमधून हलकी टिचकी, आकडा किलोपास्कलमध्ये. ८ च्या आत असला तर गंभीर व्रणांची शक्यता कमी. पण सगळ्यांनी थेट तिकडे धावू नये. आधी डॉक्टरांकडून फिब-४ हा व्रणांची शक्यता सांगणारा आकडा काढून घ्या. तो चार गोष्टींवरून निघतो: वय, एसजीओटी (यकृताचं आणखी एक एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट. १.३ च्या खाली (६५ नंतर २ च्या खाली) असेल तर सहसा काळजी नाही. वर गेला तर स्कॅन. यातले बरेचसे आकडे घरातल्या जुन्या फायलीतच सापडतील.