मिशिगनचा पिस्तूल परवाना: अर्ज कुठे अडतो आणि पोलिसांनी थांबवल्यावर काय सांगायचं

मिशिगनमध्ये लपवलेलं पिस्तूल अंगावर किंवा गाडीत घेऊन निघालेल्या परवानाधारकाला पोलिसांनी थांबवलं, तर ते त्यानं लगेच आणि स्वतःहून सांगायचं असतं. पोलीस विचारेपर्यंत थांबायचं नाही. पहिल्यांदा चुकलं तर ५०० डॉलर दंड आणि परवाना सहा महिने निलंबित. तीन वर्षांत पुन्हा तीच चूक झाली, तर १,००० डॉलर दंड आणि परवाना रद्द.

पण मिशिगनमधली आपली बरीच मराठी मंडळी त्याच्या कितीतरी आधी, पात्रतेतच अडकतात. या परवान्याला इथे सीपीएल म्हणतात. राज्याच्या कायद्यात नागरिकाबरोबर ‘कायदेशीर प्रवेश मिळालेला परदेशी’ही पात्र धरलाय. ते वाचून डेट्रॉइटच्या ट्रॉय-नोव्हाय उपनगरांतला एच-१बीवाला खूश होतो आणि क्लासची फी भरून मोकळा होतो. मात्र अमेरिकेचा केंद्रीय कायदा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, गोळ्याही जवळ ठेवू देत नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले, आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद आहे, पण इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्या भरवशावर काही करू नका. आणि हातात ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड आलं म्हणजे ग्रीन कार्ड आलं असं नाही. अर्जाचे १०० डॉलर परत मिळत नाहीत, तेव्हा हा विचार पैसे भरण्याआधी करा.

बाकी पात्रता सरळ आहे. वय २१ पूर्ण हवं आणि मिशिगनमध्ये किमान सहा महिने राहिलेलं हवं. दारू पिऊन गाडी चालवल्याचा एक गुन्हा जरी सिद्ध झाला असला, तरी तीन वर्षं थांबावं लागतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त गोंधळ प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचा. कोर्स किमान आठ तासांचा लागतो. त्यातले तीन तास नेमबाजीच्या रेंजवर, आणि निदान ३० गोळ्या झाडलेल्या हव्यात. त्यामुळे घरबसल्या ऑनलाइन मिळवलेलं प्रमाणपत्र चालत नाही. कोर्स मिशिगनच्या १९२७ च्या कायदा क्रमांक ३७२ मधल्या कलम ५जे नुसार झाल्याचं वाक्य प्रमाणपत्रावर छापलेलं लागतं, खाली प्रशिक्षकाचं नाव आणि सही. वाक्य नसेल तर कोर्स कितीही चांगला झालेला असो, कागद परत येतो. प्रमाणपत्र पाच वर्षांहून जुनं नको. दुसरी गंमत सहीची: अर्ज घरून भरून न्या, पण सही करून नेऊ नका. ती काउंटी क्लार्कच्या (परवाना देणाऱ्या जिल्हा अधिकाऱ्याच्या) कार्यालयात शपथ घेऊन करायची असते.

अर्जानंतर ४५ दिवसांत बोटांचे ठसे द्यायचे. ठसे दिल्यापासून ४५ दिवसांत क्लार्कनं परवाना किंवा नकार कळवायचा असतो. हे दोन वेगळे ४५ दिवस आहेत आणि लोक ते हमखास एकत्र मोजतात. मुदतीत काहीच आलं नाही, तर ठशांची पावती ड्रायव्हिंग लायसन्ससोबत तात्पुरता परवाना म्हणून चालते. कार्यालयाची दिरंगाई अर्जदाराच्या पथ्यावर पडते अशी ही दुर्मिळ जागा, तेव्हा पावती फेकू नका.

आता प्रत्यक्ष थांबवल्यावर. इंजिन बंद, आतला दिवा सुरू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. लायसन्स काढायला खिशात हात घालण्याआधी बोला: ‘ऑफिसर, आय हॅव अ सीपीएल अँड आय ॲम कॅरीइंग.’ पिस्तूल कुठे आहे ते तोंडी सांगा, बोट दाखवू नका. वाक्याची सुरुवात ‘गन’ या शब्दानं तर नकोच. नंबर तपासताना परवाना त्यांना आधीच दिसलेला असू शकतो, पण म्हणून तुमची सांगण्याची जबाबदारी टळत नाही. मागितल्यावर सीपीएल आणि ड्रायव्हिंग लायसन्स दोन्ही दाखवायचं. परवाना घरी राहिला असेल तर १०० डॉलर दंड होतो आणि पिस्तूल जप्त होऊ शकतं. ४५ दिवसांत परवाना दाखवला की ते परत मिळतं. टेझरसारखं विजेचा झटका देणारं उपकरण जवळ असेल, तर तेही याच नियमानं सांगायचं.

परवाना माणसाचा असतो, गाडीचा नाही. नवऱ्यानं पिस्तूल ग्लोव्ह बॉक्समध्ये विसरलं आणि परवाना नसलेली बायको तीच गाडी घेऊन किराण्याला गेली, तर गुन्हा तिच्यावर येऊ शकतो, तोही पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. घरी आल्यावर पिस्तूल गाडीतून काढायची सवय लावाच.

मराठी मंडळाचे गणपती-दिवाळीचे कार्यक्रम अनेकदा शाळेच्या सभागृहात होतात. शाळेत लपवलेलं पिस्तूल नेता येत नाही. देवळातही प्रमुखांची परवानगी असल्याशिवाय नाही. मुलाला शाळेत सोडायला किंवा आणायला गेलेल्या पालकाला सूट आहे, पण पिस्तूल गाडीतच राहायला हवं. अंगावर असताना रक्तात अल्कोहोल ०.०२ टक्के भरलं तरी कारवाई होते, म्हणजे पार्टीतला एक पेगही धोक्याचा.

राज्य बदललं की नियम बदलतो. ओहायोत १३ जून २०२२ पासून अधिकाऱ्यानं विचारल्यावर खरं सांगितलं की पुरतं. इलिनॉय मिशिगनचा परवाना मानतच नाही. आणि डेट्रॉइटमध्ये जीपीएस बघत चुकून विंडसरच्या पुलाची लेन धरली, तर पलीकडे कॅनडा आहे. तिथे सीपीएलला काही किंमत नाही. चुकून पोहोचलातच, तर पहिल्याच अधिकाऱ्याला पिस्तुलाचं सांगून टाका.