वरून भरलेली जखम, आत सडणारं हाड

बायपास होऊन सहा महिने झालेत. तासगावकडचे बागायतदार, मधुमेह जुना. छातीवरचा व्रण वरून छान भरलाय, पण मधोमध मुगाएवढं भोक आणि त्यातून रोज थोडा पू. गोळ्या सुरू केल्या की आठ दिवस कोरडं, मग पुन्हा ओलं. सांगलीच्या घरात हळदीला काय तोटा, तीही दाबून झालेली. असं कुणी ओळखीत असेल तर कृपा करून थांबू नका. दुखणं कातडीचं नाही, हाडाचं असू शकतं.

हृदयापर्यंत जायला उरोस्थी, म्हणजे छातीच्या मधलं चपटं हाड, करवतीनं उभं चिरतात आणि शेवटी पोलादी तारांनी आवळतात. शंभरातल्या साधारण एक ते तीन जणांना तिथं खोलवर जंतुसंसर्ग होतो. मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान यांनी धोका वाढतो. शिवाय बायपाससाठी बहुतेकदा जी स्तनधमनी, म्हणजे छातीच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी, वापरतात, तीच या हाडाला रक्त पुरवत असते, त्यामुळे हाडाचा रक्तपुरवठा घटतो.

अँटिबायोटिक पोचतं ते रक्तातून. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, मग औषध तरी कसं जाणार? तारांवर तर जंतू चिकट थर करून बसतात. म्हणून तारा काढायच्या आणि हाड खरवडायचं. किती? द्राक्षबागेत वाळलेली ओलांडी, म्हणजे वेलीची आडवी फांदी, आपण हिरवं लाकूड लागेपर्यंत मागं कापत नेतो, तसंच. हाडावर रक्ताचे लाल ठिपके फुटेपर्यंत.

मग उरतो खड्डा. गरज पडली तर काही दिवस त्यात स्पंज भरून, वरून हवाबंद पडदा लावून पंपानं स्राव ओढून घेतात. खरी कमाल त्यानंतरची. छातीचा मोठा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट सरकवून खड्ड्यात बसवतात. काही वेळा पोटातला, आतड्यांवरचा चरबीचा पदर वर आणतात. स्नायूची ही पद्धत अटलांटाच्या जुर्किविझ आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये मांडली आणि ती जगभर रुळली. त्याआधी अशा जखमा महिनोन्‌महिने उघड्या ठेवून धूत बसावं लागे, आणि अनेकजण दगावत.

‘हाडच काढलं तर छाती उघडी पडेल ना?’ ही घरच्यांची भीती मला अगदी रास्त वाटते. पण स्नायू आणि घट्ट व्रण मिळून हृदयावर चांगलं आवरण तयार होतं. जड ओझं उचलताना मात्र काहींना कमजोरी जाणवते. अँटिबायोटिक पुढं साधारण सहा आठवडे चालतं.

ते कोणतं, हे ठरवायला भोकाच्या तोंडावरचा पू पुरत नाही, आतल्या हाडाचा तुकडा लागतो. आपल्याकडे तो क्षयासाठीही तपासायला हवा, कारण छातीवर कधीच शस्त्रक्रिया न झालेल्या माणसाच्या उरोस्थीतही क्षय शिरतो, आणि तो बऱ्याचदा नुसत्या औषधांनी बरा होतो.