डिस्चार्ज कार्डावर जिना कुठेच नसतो

आत्याला घरी आणलं ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून. नौपाड्यातली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाऊ पुढे मी मागे आणि मधे आत्या खुर्चीचे हात घट्ट धरून रामरक्षा पुटपुटतेय. वय 78, न्यूमोनियासाठी नऊ दिवस अ‍ॅडमिट होती. छाती क्लिअर झाली, डिस्चार्ज मिळाला, फक्त ही बाई वर चढणार कशी हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि माहिती नव्हती असं नाही. फिजिओने तिला जेमतेम दहा पावलं चालवलेलं. रात्रपाळीच्या मावशींना माहीत होतं की बाथरूममधून येताना तिला गरगरतं. जिना आम्हाला माहीत होता. पण डिस्चार्ज लिहिला आरएमओने म्हणजे हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरने, त्याच्यासमोर फाइल होती आणि मावशी काय म्हणतात ते फाइलमधे लिहायची पद्धतच नाहीये.

म्हातारपणी स्नायू अंथरुणात फार भराभर जातात. 2007 साली अमेरिकेत काही धडधाकट वयस्कर माणसांना 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलेलं, आजार काही नाही, तरी पायांचं जवळजवळ 1 किलो मांस उतरलं. आत्याला तर वर ताप, अर्धवट जेवण आणि रात्री दोनला उठवून बीपी. येलचे हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी 2013 मधे याला पोस्ट हॉस्पिटल सिंड्रोम असं नाव दिलं, म्हणजे मूळ आजार बरा झाला तरी पुढचे काही आठवडे शरीर इतकं नाजूक असतं की पेशंट भलत्याच कारणाने परत अ‍ॅडमिट होतो.

त्यात गोळ्यांचा घोळ. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलातून घरी गेलेल्या 400 पेशंटवर लक्ष ठेवलं तर साधारण पाचातल्या एकाला उपचारांमुळेच काहीतरी त्रास झालेला, आणि त्यात सगळ्यात जास्त वाटा औषधांचा (2003 चा अभ्यास आहे हा).

यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाहीये. बोस्टनमधे प्रोजेक्ट रेड म्हणून प्रयोग झाला, त्यात एक नर्स फक्त डिस्चार्जसाठी, ती डॉक्टर, फार्मासिस्ट, घरचे सगळ्यांशी बोलून एक साधी वही करते, कुठली गोळी कधी, कुठली बंद, कुठला रिपोर्ट यायचाय. (युरिन कल्चर दोन-तीन दिवसांनी येतं, तोवर पेशंट घरी आणि रिपोर्ट लॅबमधे पडून!) आणि ती "समजलं ना?" असं विचारत नाही, कारण त्यावर आपण सगळे मान डोलावतो, ती म्हणते आता तुम्ही मला सांगा. घरी गेल्यावर 2 ते 4 दिवसांत फार्मासिस्टचा फोन. 749 पेशंटमधे निम्म्यांना हे सगळं दिलं, तर महिन्याभरात परत हॉस्पिटल गाठायचं प्रमाण त्यांच्यात सुमारे 30 टक्क्यांनी कमी निघालं.

आपल्याकडे डिस्चार्जचा दिवस कसा जातो? सकाळी राउंडला डॉक्टर "आज घरी" म्हणतात आणि मग सगळं घर बिलिंग काउंटरवर, टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) अप्रूव्हल कधी येतंय. 2024 पासून नियम आहे की विमा कंपनीने फायनल अप्रूव्हल 3 तासांत द्यायचं. म्हणजे नियमाप्रमाणे झालं तरी हातात तीन तास आहेत, त्यात पेशंटला चार पायऱ्या चढवून बघता येतील, घरच्या गोळ्यांचा डबा मागवून कार्डाशी ताडून बघता येईल. पण अप्रूव्हल आलं की बेड रिकामा करायची घाई आणि सिस्टर पाच मिनिटांत ओडी, बीडी, एसओएस (दिवसातून एकदा, दोनदा, लागली तरच) सांगून मोकळी. तिला तरी काय बोलणार, तिच्याकडे अजून बारा पेशंट.

आमच्याकडे चौथ्या दिवसापासून आत्याला जास्तच गरगरायला लागलं. अशक्तपणा असेल म्हणून आम्ही नारळपाणी देत बसलो. मग मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधे गोळ्या आणायला गेलो, तर दुकानदाराने दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाला, "दादा, ही जुनी नि ही नवी, दोन्ही अ‍ॅम्लोडिपिनच आहे, नाव फक्त वेगळं. दोन्ही चालू आहेत की काय?"

चालू होत्या, म्हणजे बीपी उतरवणारी एकच गोळी दुप्पट. डॉक्टरांना फोन करून जुनी बंद केली, पण गरगर थांबायला अजून तीन-चार दिवस गेले, कारण ही गोळी अर्धी शरीराबाहेर पडायलाच 30 ते 50 तास घेते. खुर्ची अजून जिन्याखालीच ठेवलीय, मंगळवारी फॉलोअप आहे.