सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण विसरायला होतंय?

डोक्याला मार लागला आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, साहजिकच आहे, पण स्कॅनवरून कळतं ते इतकंच की हाड मोडलेलं नाही, आत रक्तस्राव दिसत नाही. मेंदूचं काम नीट चाललंय का, ते त्यात दिसत नाही.

होतं काय, की झटका बसला की मेंदूतल्या पेशींचे लांब तंतू ताणले जातात, पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि ही घडी परत बसवायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते, पण नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडू शकतो. म्हणून लक्ष टिकत नाही, विचार मंदावतो, आत्ता ऐकलेलं डोक्यात राहत नाही. जुनं मात्र बहुतेक आठवतं, नावगाव, तारीख बरोबर सांगता येते, त्यामुळे इमर्जन्सीत तपासताना शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर 15 पैकी 15 मार्क मिळाले तरी हा त्रास असू शकतो!

तो पकडायच्या टेस्ट अगदी साध्या असतात. काही शब्द ऐकवून थोड्या वेळाने परत विचारायचे, आकडे उलटे म्हणायला लावायचे, डिसेंबरपासून मागे महिने सांगायला लावायचे, शिवाय रिअ‍ॅक्शन टाइम. खरी मेख पुढे आहे, मुळात हुशार माणसाचा स्कोअर घसरूनही नॉर्मलमध्येच बसू शकतो, म्हणून तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या स्कोअरशी झाली तर उत्तम, आणि बऱ्याच खेळाडूंची सीझनआधीच टेस्ट घेतात ती याचसाठी. आपल्यापैकी बहुतेकांकडे असा जुना स्कोअर नसतो, तेव्हा घरच्यांचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. तेच तेच विचारतोय, चिडचिड वाढलीय, नेहमीच्या हिशोबाला दुप्पट वेळ लागतोय, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि काही दिवसांनी टेस्ट परत करून घ्या.

अमेरिकेत 2018 मध्ये डोक्याला मार लागलेल्यांसाठी एका ब्लड टेस्टला मंजुरी मिळाली, पण ती सीटी स्कॅनची गरज आहे का एवढंच ठरवायला मदत करते, स्मरणशक्तीबद्दल काही सांगत नाही.

बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात. एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू रोजची कामं. त्रास रेंगाळला तर झोप, डोकेदुखी, डिप्रेशन हेही तपासावं लागतं, कारण त्यानेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट, हातापायात अशक्तपणा, न आवरणारी झोप यापैकी काहीही दिसलं तर टेस्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. आणि वयस्कर माणूस रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर कित्येक आठवडे लक्ष ठेवा, रक्त हळूहळूही साचू शकतं.