भोवत्या

भोवत्या म्हणजे हॅरियर, सर्कस या प्रजातीतला शिकारी पक्षी. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातल्या माळांवर तो साधारण ऑक्टोबर ते मार्च असतो, इथं घरटं करत नाही. गावाकडं सरसकट ससाणा नाहीतर घार म्हणतात. भोवत्या हे नाव त्याच्या भोवती भोवती फिरण्यावरून आलं असावं, आणि सर्कसचं मूळही किर्कोस या ग्रीक शब्दात, म्हणजे घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याच्या नावात शोधतात. काही जण हारिण लिहितात, ते हॅरियरवरूनच घडलेलं वाटतं, भोवत्याच बरा.

अनोळखी पक्षी दिसला की आधी रंग बघू नये, उडणं बघावं. भोवत्या शाळूच्या रानाकडेनं, कुसळी गवताला जवळजवळ घासून जातो, चार-दोनदा पंख मारतो आणि मग पंख व्ही-सारखे वर धरून तरंगत राहतो, मधेच गचकन वळून गवतात उतरतो. नाकतोडे, सरडे, उंदीर, छोटे पक्षी हे त्याचं खाणं. तारेवर बसलेली, हवेत एका जागी फडफडणारी पांढरी-राखाडी कापशी घार वेगळी, तिचा काळा रंग खांद्यावर असतो, नर भोवत्याचा पंखांच्या टोकाला.

आपल्याकडं घोळ होतो तो दोन जातींत. पांढुरका भोवत्या रशिया-कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येतो, माँटेग्यूचा युरोप ते मध्य आशियातून. नर सोपे आहेत: पांढुरक्याच्या पंखटोकाला फक्त काळी पाचर, माँटेग्यूच्या पंखावर आडवी काळी पट्टीसुद्धा आणि पोटावर तांबूस रेघा. माद्या आणि पिल्लं (म्हणजे अजून पूर्ण वाढ न झालेले, पण उडते पक्षी) मात्र तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, म्हणून दोन्ही जातींतल्या अशा पक्ष्यांना रिंगटेल म्हणतात. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1758 मध्ये माँटेग्यूच्या जातीला दिलेल्या पायगार्गस नावाचा अर्थच पांढऱ्या बुडाचा, आणि ती खूण तर सगळ्याच रिंगटेलांना लागू पडते, त्यामुळं नावावरून काही कळत नाही. जॉर्ज माँटेग्यू या इंग्रज अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी हेन हॅरियर या दुसऱ्या भोवत्यापासून वेगळा मांडला, म्हणून त्याचं नाव.

रिंगटेलची मान बघावी. कानामागच्या गडद डागानंतर फिकट कॉलर ठळक दिसली तर पांढुरका, कॉलर पुसट किंवा नसलीच तर बहुधा माँटेग्यू. पिल्लांचं पोट दोघांचंही नारिंगी-तांबूस, पण माँटेग्यूच्या पिल्लाच्या छातीकडेला बारीक रेघा असतात. जानेवारीच्या उन्हात लांबून, पाठमोऱ्या पक्ष्याची कॉलर कितीदा दिसणार? अशा वेळी वहीत ‘पांढुरका किंवा माँटेग्यू’ एवढंच लिहावं, पांढुरका संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत धरला जातो, तेव्हा चुकीची नोंद नुसती हौसेची चूक राहत नाही.

दलदली भोवत्या ही आणखी एक जात, तो जड बांध्याचा, मायणीसारख्या तलावाकाठी बघावा.

रात्री भोवत्ये झाडावर नाही, उंच गवतात जमिनीवर एकत्र उतरतात. पडीक म्हणून माळ नांगरला किंवा तिथं झाडं लावली की ही जागा जाते.