टोइंग कपॅसिटी बघितलीत, पेलोड बघितला का?

अमेरिकेत उन्हाळा आला की आपल्या लोकांचा प्रश्न ठरलेला, एसयूव्हीची टोइंग कपॅसिटी 5,000 पाउंड, कॅम्पर (म्हणजे आत राहायची सोय असलेला ट्रेलर) 4,500चा, चालेल ना? आणि चार जण लगेच "बिनधास्त घे" म्हणून मोकळे. अरे पेलोड किती ते विचारा ना आधी!

टोइंग कपॅसिटी म्हणजे गाडी मागे किती ओढते, ते सगळ्यांना माहितीये, सोडा. पेलोड म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर किती वजन घ्यायचं ते. माणसं, सामान, रूफ बॉक्स, सगळं त्यात आलं. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर नको असं लिहिलेला. आकडा तिथलाच घ्यायचा, ब्रोशरमधला नाही, कारण वरच्या ट्रिममधे, म्हणजे महागड्या व्हेरियंटमधे, सनरूफ, मोठी चाकं असं काय काय लावलेलं असतं आणि तेवढा पेलोड कमी होतो.

आता खरी गोची. ट्रेलरचं सगळं वजन काही त्याच्या चाकांवर नसतं, पुढचा थोडा भार हिचवर (गाडीमागे ट्रेलर जोडायचा लोखंडी जोड) म्हणजे तुमच्या गाडीवर येतो. ह्याला टंग वेट म्हणतात, भरलेल्या ट्रेलरच्या साधारण 10 ते 15 टक्के, आणि हे सगळं पेलोडमधून वजा होतं. समजा स्टिकरवर 1,350 आहे. 4,500च्या कॅम्परचे 12 टक्के म्हणजे 540 गेले, उरले 810. भारतातून आई-बाबा आलेत, तुम्ही दोघं, दोन मुलं, हे झाले साधारण 760. राहिले 50 पाउंड, त्यात कूलर, खुर्च्या, कुकर, तांदळाची पिशवी आणि हिचचं स्वतःचं लोखंड बसवून दाखवा! टोइंगची मर्यादा गाठायला अजून 500 बाकी आहेत आणि गाडी ऑलरेडी ओव्हरलोड.

मग कुणीतरी शहाणा सांगतो, ट्रेलरमधलं सामान मागे सरकव, टंग वेट कमी होईल. होतं ना कमी, आणि हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. हा सल्ला ऐकला की माझं डोकंच फिरतं. दुसरा म्हणतो वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लाव. चांगली वस्तू आहे, मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर टाकते, पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही, मागच्या सस्पेन्शनला हवेच्या एअरबॅग्ज लावूनही नाही.

आणि ट्रेलरचं ड्राय वेट, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन, धरून हिशोब करू नका प्लीज. एक गॅलन पाणीच 8.3 पाउंड असतं, वर प्रोपेन, बॅटरी, भांडी.

ट्रेलरच्या वायरिंगचा प्लग 4-पिन की 7-पिन ह्यावर भांडायची गरज नाही, 4-पिनमधे फक्त दिवे चालतात, इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर 7-पिन आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र) लागतोच. बऱ्याच राज्यांत 3,000 पाउंडांच्या पुढे ट्रेलरला ब्रेक कंपल्सरी आहेत, मी तर त्याच्या खालीही बिनब्रेकचा ट्रेलर घेणार नाही.

शंका असेल तर सगळ्यांना बसवून, ट्रेलर भरून ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर जा, तिथे प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं कळतं. जास्त भरलं तर आई-बाबा दुसऱ्या गाडीत किंवा कॅम्पर छोटा. मी कॅम्पर छोटा घेईन.